काकांची पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात निधनवार्तांमध्ये आमच्या काकांबद्दल चार ओळी आल्या. भोसरीतले लघुउद्योजक, पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडं असा परिवार. त्यात चुकीचं काहीच नाही, पण तेवढ्यावर हा माणूस संपवायचा हे आम्हा पोरांना पटेना म्हणून हे पत्र. नाव मुद्दाम लिहीत नाही, हयातीत त्यांनी कधी कुठे स्वतःचं नाव लावून घेतलं नाही.

मी आयटीआय करून त्यांच्याकडे टर्नर म्हणून लागलो. शॉप छोटंच, लेथ, एक मिलिंग, दोन ड्रिलिंग, गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क. नवीन पोरगा आला की काका आधी त्याच्या हातात तयार जॉब, म्हणजे मशिनवर बनवलेला पार्ट, द्यायचे आणि विचारायचे, हा बसणार कुठे? उत्तर आलं नाही तर ड्रॉइंग मिळायचं नाही. मग स्वतःच ऑफिसमधून गिअरबॉक्सचं जाडजूड पुस्तक आणून चित्र उघडून दाखवणार, बघ, ह्या बुशमधून शाफ्ट फिरतो, तू माप चुकवलंस तर कुणाची तरी गाडी घाटात बंद पडेल. त्यानंतर मायक्रोमीटर हातात घेताना आपोआपच हात सावध व्हायचा. अशी कितीतरी पोरं त्यांनी घडवली आणि हाताशी आलेला कारागीर स्वतःचा धंदा काढतो म्हणाला की दुसरा कुणी मालक तोंड फिरवेल, हे मात्र आपलं जुनं मशिन बिनव्याजी हप्त्यावर द्यायचे, वर पहिली ऑर्डर पण स्वतःच मिळवून द्यायचे. मला पण तसंच मिळालं. छोट्या पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांत द्या असं 2006 चा कायदा सांगतो, काका तर त्याच्या कितीतरी आधीपासून महिन्याच्या आत चेक देत होते, स्वतःचं पेमेंट मोठ्या कंपनीकडे अडकलेलं असताना सुद्धा. एकदा त्यासाठी त्यांनी एफडी मोडली, ते आम्हाला काकूंकडून कळलं आणि ते पण खूप नंतर.

आता पुस्तकांचं सांगतो. एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, म्हणजे काकांचा गुरुवार ठरलेला, सकाळी अप्पा बळवंत चौक आणि मग पेठांमधली रद्दीची दुकानं. रद्दीवाल्यांकडे त्यांचा नंबर असायचा, वाडा पाडायला निघाला, माळ्यावरची पोती उतरली की पहिला फोन यांना. लोक टाकून देतात तेच हे उचलायचे, जुने दिवाळी अंक, पंचांगं, कुलवृत्तांत, कारखान्यांचे कॅटलॉग, शिळाछापाच्या पोथ्या. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं 1920 साली सुरू झालेलं मासिक पुढे घराघरात वाचलं गेलं ह्याचं त्यांना फार कौतुक, त्याचे जुने अंक त्यांनी वर्षानुवर्षं जमवले. केतकरांचा ज्ञानकोश तर त्यांचा जीव की प्राण. केतकरांनी लिमिटेड कंपनी काढून, शेअर विकून पैसा उभा केला आणि 23 खंड काढले, हे आम्हाला चहाच्या सुट्टीत सांगताना त्यांचा आवाज चढायचा. त्यातला एक खंड त्यांच्याकडे नव्हता, कित्येक वर्षं शोधून शेवटी तो बोहरी आळीत रद्दीच्या गठ्ठ्यात सापडला, त्या दिवशी अख्ख्या शॉपला पेढे.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते शाळकरी पोरगा होते, नारायण पेठेत राहायचे. पाणी ओसरल्यावर वडिलांच्या पुस्तकांचा नुसता लगदा झालेला त्यांनी बघितला होता. म्हणून असेल, त्यांच्या घरी कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे आणि खालचा कप्पा कायम रिकामा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावलेला त्यांना अजिबात चालायचा नाही, तो काही वर्षांत पिवळा पडून कागदच खातो. गव्हाची खळ करायची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचा, मऊ ब्रशने पातळ कागद चिकटवून वरून वजन ठेवायचं. ही कामं मे महिन्यात सगळं घर मिळून करायचं, काकू, मुलं, पुढे सून आणि नातवंडं पण.

त्यांच्या आईंची नजर काचबिंदूने गेली होती. संध्याकाळी सातनंतर काका कुठलीही मीटिंग घ्यायचे नाहीत, बडी पार्टी आली तरी नाही, कारण ती वेळ आईंना वाचून दाखवायची. आई गेल्यावर त्याच वेळेला नात ऐकायला बसायला लागली. शॉप आज त्यांची मुलगी चालवते, तिला पण त्यांनी आधी लेथवरच उभं केलं होतं.

आता मुद्द्याचं. त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, घरच्यांना भाड्याच्या लहान फ्लॅटमध्ये जायचंय आणि ही पुस्तकं ठेवायला जागा नाही. आम्ही काही ग्रंथालयांत विचारलं, सगळीकडे जागा नाही हेच उत्तर, एका ठिकाणी म्हणाले नव्या कादंबऱ्या तेवढ्या घेतो. त्यांची पण अडचण खरी असेल, पण ज्या शहरात 1848 पासून सार्वजनिक वाचनालय आहे तिथे एका माणसाचा आयुष्यभराचा संग्रह किलोच्या भावाने जाणार असेल तर आपण सगळ्यांनीच विचार करायला हवा, आणि हे एकट्या काकांचं नाही, पुण्यात घरोघरी असे संग्रह आहेत आणि वाडे, सोसायट्या तर रोज पडतायत. महापालिकेने एखादा बंद पडलेला हॉल दिला, तिथे अशी पुस्तकं उतरवून निदान त्यांची यादी केली तरी कुठलं दुर्मिळ आणि कुठलं दुसरीकडे आहे ते कळेल.

काकांनी रजिस्टर ठेवलंय, पुस्तक कुठून घेतलं, कितीला घेतलं, कुणी वाचायला नेलं, सगळं आहे त्यात. घरचे कपाटांसकट सगळं फुकट द्यायला तयार आहेत. संग्रह फोडू नये आणि वाचणाऱ्याला पुस्तक घरी न्यायला मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं. फ्लॅट दिवाळीपर्यंत रिकामा करायचाय. कुणा संस्थेकडे जागा असेल तर त्यांनी कृपया तुमच्या ऑफिसात कळवावं, माझा नंबर सोबतच्या चिठ्ठीत वेगळा दिलाय. टेम्पो आणि हमालीचं आम्ही जुनी पोरं बघतो.

आपला,
एक वाचक, भोसरी, पुणे