क्रूझ बुक करताना केबिनची जागा विचारा

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की क्रूझच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत बंदरांची नावे ठळक असतात, पण ज्या दिवशी किनारा दिसतच नाही त्या दिवसाबद्दल चकार शब्द नसतो. १८ नॉट वेगाचे जहाज २४ तासांत साधारण ८०० किलोमीटर जाते. म्हणजे मुंबईहून कोची किंवा लक्षद्वीप गाठायचे तर एक अख्खा दिवस पाण्यावर जाणारच. तो मजेत जाईल की अंथरुणात, हे बरेचसे बुकिंग करतानाच ठरते.

बहुतेक जण जास्त पैसे मोजून सर्वांत वरच्या डेकची बाल्कनी घेतात. बोट लागणाऱ्यांसाठी ही निवड चुकीची आहे. जहाज डावी-उजवीकडे कलते तेव्हा सर्वाधिक झोका वरच्या डेकला बसतो, आणि पुढच्या-मागच्या टोकाच्या केबिन लाटेबरोबर वर-खाली होतात. हालचाल सर्वांत कमी जाणवते ती खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध. ‘स्टॅबिलायझर आहेत, काळजी नको’ असे एजंट सांगतात, ते अर्धेच खरे. जहाजाच्या दोन्ही बाजूंनी पाण्याखाली बाहेर येणारे हे पंख कलणे बरेच कमी करतात, पुढे-मागे होणारे हेलकावे मात्र फारसे नाही. शिवाय वेग मंदावला की त्यांचा जोरही ओसरतो. स्वस्तातली ‘गॅरंटी’ केबिन घेतली, तर नंबर कंपनी नंतर ठरवते. ज्येष्ठांसाठी ती घेऊच नये.

बोट लागण्याची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती निदान तासभर आधी पोटात हवी. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. उपाशी राहू नये आणि तेलकटही टाळावे. टोस्ट, कोरडी बिस्किटे, आल्याचा तुकडा चालतो. केबिनमध्ये मोबाइल बघत पडल्याने त्रास वाढतो, कारण डोळ्यांना सारे स्थिर दिसते आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा हालचाल नोंदवत असते. उघड्या डेकवर मध्यभागी बसून क्षितिजाकडे पाहावे.

मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळही होते, म्हणून बीपी-शुगरची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा, जहाजावरच्या सॅटेलाइट रोमिंगचे बिल भयंकर येते. जेवणाआधी हात साबणानेच धुवावेत. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.

सुरक्षा कवायत कंटाळवाणी म्हणून टाळणारे अनेक आहेत. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला, की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे. ती जागा चढल्या दिवशीच स्वतः चालत जाऊन पाहावी.

सहल कंपन्यांनी दरपत्रकात केबिनचा डेक आणि जहाजातली जागा छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे