मीटरच्या पेटीतली कोंबाकोंबी

संपादक महोदय,

सध्या राज्यात जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवले जात आहेत. बिलावर हवी तेवढी चर्चा झाली, पण त्या मीटरला येणाऱ्या जाड वायरी पेटीत कशा जोडल्या जातात, हे कुणी बघत नाही. मीटर जळतो तो बहुधा या जोडापाशीच.

१६ स्क्वेअर एमएमच्या ॲल्युमिनियम वायरीत साधारण १.७ मिमीच्या सात तारा असतात. मीटरच्या टर्मिनलच्या (वायर स्क्रूने आवळायच्या जागेच्या) भोकात मावेना, की पकडीने दोन छाटायच्या आणि उरलेल्या पाच कोंबायच्या, असा सर्रास प्रकार चालतो. सोळाची वायर नेमकी जोडावर अकराची होते. खरे तर तिथे मापाची बायमेटल पिन लग (वायरीच्या टोकाला बसवायची ॲल्युमिनियम-तांब्याची पिन) हवी, आणि तीही क्रिम्पिंग टूलने, म्हणजे दाबयंत्राने दाबलेली. हातोडीने चेपलेली नव्हे. त्याआधी तारा ब्रशने घासून लगेच जॉइंटिंग कंपाउंड (जोडाला लावायचा लेप) लावावे, कारण ॲल्युमिनियमवर वीज अडवणारा ऑक्साइडचा थर धरायला वेळ लागत नाही.

दुसरा घोळ वळणाचा. ताठ वायर आखूड कापून जबरदस्तीने वाकवली की ती सरळ व्हायला बघते आणि सगळा ताण टर्मिनलच्या स्क्रूंवर येतो. रोजच्या तापण्या-निवण्यात ते ढिले पडतात. वायरीला आधी हाताने आकार द्यावा. ती स्वतःहून टर्मिनलसमोर उभी राहिली, तरच स्क्रू आवळावा. मीटरखाली वीतभर मोकळी वायर आणि जवळच क्लॅम्प हवा. आर्मर्ड (धातूचे कवच असलेल्या) केबलच्या वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या बारापट तरी असावी, म्हणजे २२ मिमीच्या केबलला सुमारे २६ सेंमी. केबल पेटीत खालून, ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या तोंडातून) घ्यावी. वरून घेतली तर आमच्या कोकणातला पाऊस तिच्यावरून थेट टर्मिनलवर उतरतो. पेटी लोखंडी असेल तर फेज-न्यूट्रल एकाच भोकातून न्यावेत, नाहीतर मधला पत्रा तापतो.

इन्सुलेशन कमी सोलले तर स्क्रू प्लास्टिकवर बसतो. हाताला घट्ट लागतो, पण जोड सैलच राहतो. अशा जोडाचा रोध १० मिलिओहम झाला तर २० अँपिअरला ४ वॅट उष्णता निघते, ४० ला १६ वॅट, आणि तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. एमसीबी (करंट वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर कमी भाराच्या फेजवर २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट जातात. मग टीव्ही-फ्रिज गेलेच म्हणून समजा.

सील लावण्यापूर्वी जोडांचा फोटो काढून तो ग्राहकाच्या नोंदीत ठेवणे वीज कंपन्यांनी सक्तीचे करावे. एवढे काम दोन मिनिटांचे आहे. ग्राहकांनी मात्र सील तोडू नये. तो गुन्हा आहेच, शिवाय मेन स्विच बंद केला तरी मीटरकडे येणारी वायर जिवंतच असते. कव्हर तपकिरी पडले, चरचर ऐकू आली किंवा गीझर लावताच दिवे मंदावले, तर लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा.

– एक परवानाधारक विद्युत कंत्राटदार, चिपळूण