मच्छरदाण्या सोसायटीनेच आणाव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमच्या दूध सोसायटीच्या वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाला स्टीलची बादली मिळाली. त्याआधीच्या वर्षी डबा. यंदा भेटवस्तू द्यायचीच असेल तर औषध लावलेली मच्छरदाणी द्यावी, असं मला वाटतं.

खानापूर तालुक्याचा आमचा जांबोटी-कणकुंबीकडचा पट्टा जंगलाला लागून. भात पोटरीला आलं की गवे आणि रानडुकरं रात्रीत शेत लोळवतात, म्हणून घरटी एक माणूस शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) राखणीला असतो. हिवतापाचा डास चावतो तोही रात्रीच. माळ्याला ना दार ना खिडकी. शेकोटी विझली की पहाटेपर्यंत अंग उघडंच.

शिवाय घरोघरची तरणी पोरं गोव्यात बांधकामावर. माझे यजमान तिथूनच गणपतीला ताप घेऊन आले. दोन घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते, खाट हलत होती. घाम फुटून ताप उतरायचा, एक दिवस बरा जायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. रक्त तपासायला दिलं, त्याचा अहवाल हातात यायला आठ दिवस लागले. गोळ्या १४ दिवसांच्या होत्या. ताप गेला म्हणून तिसऱ्याच दिवशी बंद करायला निघाले होते, पण आशाताई रोज दारात येऊन उभी राहिली. या प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात, गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर महिन्यांनी परत उठतात, हे तिनेच सांगितलं. त्या आजारपणात आमची भांगलण राहिली ती राहिलीच.

आमच्याकडे आठवडी बाजारात मिळते ती साधी जाळी. झोपेत हात जाळीला टेकला की डास बाहेरून चावतो. आत शिरता आलं नाही तर शेजारच्या घरात जातो. औषधाच्या मच्छरदाणीत डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक धाग्यातच मुरवलेलं असतं, त्यावर बसलेला डास मरतो. गावातल्या बहुतेक घरांनी ती वापरली तर जिच्या घरी मच्छरदाणीच नाही तिचं लेकरूही वाचतं. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात हिवतापाचे जे रुग्ण टळले, त्यांतले दोन तृतीयांश या मच्छरदाण्यांमुळे टळले, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ज्याने त्याने आपापल्यापुरती घेऊन भागेल अशी ही वस्तू नाही, ती गावाने मिळून घ्यायची आहे. म्हणूनच मी सोसायटीकडे बोट दाखवते.

सरकारी मच्छरदाण्या जिथे दर हजारी रुग्ण जास्त तिथे आधी जातात, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्यासारख्या गावांनी रुग्ण वाढायची वाट का बघावी? डेअरी पशुखाद्याचं पोतं आधी देते आणि पैसे दुधाच्या बिलातून कापून घेते. तसंच मच्छरदाणीचंही करता येईल. चार गावच्या सोसायट्यांनी मिळून एकगठ्ठा घेतल्या तर भावही उतरेल. देशातल्या पहिल्यावहिल्या सहकारी सोसायट्यांतली एक १९०५ साली आपल्याच बाजूला, गदगजवळच्या कणगिनहाळला निघाली. त्या मुलखात एवढं जमू नये?

नुसत्या वाटून मात्र उपयोग नाही. नवी मच्छरदाणी आधी दिवसभर सावलीत पसरून ठेवावी लागते. साध्या साबणाने धुवायची, उन्हात वाळवायची नाही. साधारण २० वेळा धुईपर्यंत किंवा तीन वर्षं औषध टिकतं. आणि मच्छरदाणी धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा मलप्रभेत अजिबात जाऊ देऊ नये, मासे मरतात. हे दारोदार सांगायचं काम बचत गटाच्या बायका घेतील, मी आमच्या गटात विचारलं आहे. डेंगीचा डास दिवसा चावतो, त्याला ही मच्छरदाणी पुरी पडणार नाही. साठवलेलं पाणी झाकावंच लागेल.

आमच्या सभेची नोटीस परवाच फळ्यावर लागली. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' असं लिहिलं आहे. तेव्हा मी हा विषय मांडणार आहे. लोंढा, नागरगाळी, कणकुंबी भागातल्या सभासदांनीही आपापल्या सभेत तो मांडावा, ही विनंती.

आपली,
एक दूध उत्पादक सभासद,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव