पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र: आमच्या गावातले पाणी किती उपसले, ते गावाला कळू द्या

मा. पर्यावरणमंत्री, गोवा सरकार,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातला बागायतदार. शेअर बाजाराशी माझा संबंध नाही, पण आमच्या भागात कारखाने चालवणाऱ्या कंपन्यांचे शाश्वतता अहवाल मी वाचतो. २०२२-२३ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता) अहवाल सक्तीचा केला, हे फार चांगले झाले. भूजल किती उपसले, नदीचे किती घेतले, सांडपाणी कुठे सोडले, हे सगळे किलोलिटरमध्ये लिहावे लागते.

पण हा आकडा साऱ्या कंपनीचा एकत्र असतो. चार राज्यांतल्या कारखान्यांच्या बेरजेत आमच्या वाड्यावरची बोअर शोधायची कुठे? कारखानानिहाय पाणी सांगायचा रकाना आहे, पण तो ऐच्छिक, आणि तोही पाणीटंचाईच्या भागापुरता. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा टंचाईग्रस्त म्हणून आम्हाला कोण धरणार? मे महिन्यात पोफळींना शिंपताना विहिरीचा तळ दिसतो, तो कोणाच्याच अहवालात येत नाही.

शेजारीच दुसरा आकडा असतो: दर रुपया उलाढालीमागे वापरलेले पाणी. उलाढाल वाढली की उपसा वाढूनही तो घटू शकतो. विहिरीला उलाढालीशी काय देणेघेणे?

साहेब, सेबी तुमच्या अखत्यारीत नाही, पण कारखान्यांचे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे नमुना ५, राज्याच्याच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे येते. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मधल्या नियम १४ प्रमाणे मंडळाची संमती लागणाऱ्या उद्योगाने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत हे विवरणपत्र मंडळाला द्यायचे असते. त्यात त्या एका कारखान्याचे पाणी, प्रदूषण, घातक कचरा सगळे येते, मग कंपनी शेअर बाजारात असो वा नसो. ही विवरणपत्रे मराठी-कोकणीतून पंचायतीच्या फलकावर लावायला सांगा आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवा.

खाणींचे तर लगेच बघा. लिलावानंतर त्या पुन्हा सुरू होत आहेत. शाश्वतता अहवालांची मानके ठरवणाऱ्या जीआरआय या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ मध्ये खाण उद्योगासाठी स्वतंत्र मानक आणले, ते खाणनिहाय माहितीवर भर देते. ते संमतीच्या अटींत घाला. खंदकातले किती पाणी उपसून कोणत्या व्हाळात (ओढ्यात) सोडले, हे त्या व्हाळावर शेती करणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला समजले पाहिजे.

यंदाच्या ३० सप्टेंबरपासूनच ही सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
डिचोलीतील एक बागायतदार