'द हॉबिट' ऐकताना निवेदक हरवू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मुलांच्या वाचनाविषयी आलेला लेख काळजीपूर्वक वाचला. ऑडिओबुक ऐकणाऱ्या मुलाला पुस्तक वाचल्याचे समाधान तेवढे मिळते, पुस्तक मिळत नाही, असे लेखकाचे म्हणणे आहे आणि त्यासाठी त्यांनी जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या 'द हॉबिट' या कादंबरीचा दाखला दिला आहे. बिल्बो हा घरबशा हॉबिट, म्हणजे एक ठेंगणा जीव, जादूगार गँडाल्फ आणि तेरा बुटके यांच्यासह ड्रॅगनने बळकावलेले सोने परत मिळवायला निघतो, त्याची ही गोष्ट. एखादे अभ्यासाचे पुस्तक उदाहरणादाखल घेतले असते तर मी वाद घातला नसता. 'द हॉबिट'च्या बाबतीत मात्र हे विधान टिकत नाही, कारण ही गोष्ट छापली जाण्याआधी कित्येक संध्याकाळी ऐकली गेली होती आणि ऐकणारा समोर बसला आहे असे धरूनच तिची वाक्ये घडली आहेत. लेखकाची तक्रार अगदीच निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही. ऑडिओबुक म्हणून मुलांपुढे जे येते त्यातले बरेचसे निकस असते. पण तो दोष ऐकण्याचा नसून काटछाटीचा आहे, आणि या एकाच कादंबरीची निरनिराळी ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवली, तर तो कोठे शिरतो हे स्पष्ट दिसते.

टॉल्कीन ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सनचे, म्हणजे जुन्या इंग्रजीचे, प्राध्यापक होते. उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान समोर आले आणि जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या हॉबिटविषयीचे पहिले वाक्य त्यांनी त्यावर लिहून ठेवले, ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे व ती सर्वत्र उद्धृत होते. त्यानंतरची हकीकत तितकी प्रसिद्ध नाही, पण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. हिवाळ्यात संध्याकाळच्या चहानंतर टॉल्कीन ही गोष्ट जॉन, मायकल आणि ख्रिस्तोफर या आपल्या मुलांना वाचून दाखवत असत. तिघांतला धाकटा ख्रिस्तोफर मोठा काटेकोर श्रोता होता. मागच्या खेपेला बिल्बोचे दार निळे होते आणि बुटक्यांचा म्होरक्या थोरिन याच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता, मग आता दार हिरवे आणि गोंडा रुपेरी कसा झाला, असे त्याने एकदा वडिलांना मध्येच अडवून विचारले. वडील कार्ट्याच्या नावाने काहीतरी पुटपुटत उठले आणि टेबलाशी जाऊन त्यांनी तशी नोंद करून ठेवली. छापील पुस्तकात दार हिरवे आहे आणि गोंडा रुपेरी. याच ख्रिस्तोफर टॉल्कीन यांनी पुढे वडिलांच्या अप्रकाशित लेखनाच्या संपादनाला आयुष्य वाहिले. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी रेनर या आपल्या दहा वर्षांच्या मुलाला एक शिलिंग देऊन हस्तलिखितावर अभिप्राय लिहून घेतला आणि २१ सप्टेंबर १९३७ रोजी १,५०० प्रतींची पहिली आवृत्ती निघाली, हे अनेकांना ठाऊक असते. त्या आवृत्तीचे पहिले मुद्रितशोधन मात्र एका लहान मुलाच्या कानांनी केले होते.

माझ्या मते या कादंबरीतले सर्वांत लोभस पात्र बिल्बो नव्हे, गँडाल्फ नव्हे आणि स्मॉग नावाचा तो सोन्यावर झोपणारा ड्रॅगनही नव्हे. ते पात्र म्हणजे गोष्ट सांगणारा निवेदक. हा निवेदक आरंभीच सांगून टाकतो की शेजाऱ्यापाजाऱ्यांतली पत बिल्बोने या उपद्व्यापापायी गमावली असेल, पण त्या बदल्यात त्याने काही कमावले की नाही, ते शेवटी तुम्हांलाच कळेल. वाटेत भेटणाऱ्या एल्रॉन्ड या यजमानाच्या घरचे सुखाचे दिवस तो चार ओळींत उरकतो आणि वर बजावतो की सुखाचे दिवस सांगायला वेळ लागत नाही, ऐकण्याजोगी गोष्ट होते ती हालअपेष्टांची. प्रवासातल्या एका बेचव खाद्यपदार्थाची कृती आपल्याला माहीत नाही, असेही तो निःसंकोच सांगतो. ही वाक्ये डोळ्यांनी वाचणारा वाचक पुष्कळदा ओलांडून पुढे जातो, कारण त्यांत कथानक सरकत नाही. तीच वाक्ये आवाजात आली की सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक खासगी संगनमत तयार होते. तेरा बुटक्यांच्या नावांचेही तसेच आहे. डोरी, नोरी, ओरी; ओईन, ग्लोईन; बिफर, बोफर, बॉम्बर ही नावे छापील पानावर ओझ्यासारखी वाटतात आणि मुले त्यांवरून नजर घसरवतात, तर उच्चारली की ती तालात येतात. ती तशी येणारच, कारण त्यांतली बहुतेक 'व्होलुस्पा' या प्राचीन नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन, काव्यातल्या नामावलीतून घेतलेली आहेत आणि ते काव्यही मुखपरंपरेतून आलेले आहे. बिऑर्नच्या घरचा प्रसंग तर श्रोत्यांना खिळवून ठेवण्याच्या कलेवरचा पाठच म्हणावा लागेल: तिरसट यजमानाच्या दारात एकदम पंधरा जण उभे केले तर तो हाकलून देईल, हे ओळखून गँडाल्फ त्याला गोष्ट सांगू लागतो, बुटके दोघादोघांनी मध्येच येऊन ती तोडत राहतात आणि पुढे काय झाले या उत्सुकतेपोटी बिऑर्न सगळ्यांना घरात घेतो.

टॉल्कीन यांना स्वतःला हा निवेदकी सूर पुढे खटकू लागला, हे मी लपवू इच्छित नाही. मुलांशी मुद्दाम मुलांसारखे बोलण्याची ती एक वाईट सवय होती, अशा आशयाचे त्यांनी पत्रांतून लिहिले आहे, आणि १९६० मध्ये त्यांनी आपल्या नंतरच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या गंभीर शैलीत सारी कादंबरी नव्याने लिहायलाही घेतली होती. काही प्रकरणे झाल्यावर ती त्यांनी एका परिचित व्यक्तीला वाचायला दिली. लेखन उत्तम आहे, पण हे 'द हॉबिट' नव्हे, असा अभिप्राय आला आणि टॉल्कीन यांनी ते काम सोडून दिले. त्या अभिप्रायाचे आपण सर्वांनी आभार मानले पाहिजेत.

आता ध्वनिमुद्रणांकडे वळतो. पहिले नाव स्वतः टॉल्कीन यांचेच घ्यावे लागते. ऑगस्ट १९५२ मध्ये टॉल्कीन माल्व्हर्न येथे जॉर्ज सेयर या स्नेह्याकडे राहायला गेले होते. सेयर यांनी टेपरेकॉर्डर पुढे ठेवला तेव्हा या यंत्रात भूत असल्यास ते निघून जावे म्हणून प्रोफेसरसाहेबांनी आधी गॉथिक या लुप्त भाषेत प्रार्थना म्हटली आणि मग 'द हॉबिट'मधला बिल्बो व गुहेत राहणारा गॉलम हा विचित्र जीव यांच्या कोड्यांचा प्रसंग वाचला. हे ध्वनिमुद्रण त्यांच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. गॉलमचा तो ओलसर, घशातला आवाज लेखकाने अगदी मनापासून काढला आहे. हेच प्रकरण त्यांनी निवडले यात नवल नाही. अंधाऱ्या गुहेत, पाण्याच्या काठी, जीव पणाला लावून दोघे एकमेकांना कोडी घालतात. तेथे पात्रांनाही पाहण्यासारखे काही नाही, असतात ते केवळ आवाज. एका कोड्यापाशी निवेदक म्हणतो की तुम्हांला उत्तर आलेच असेल, कारण तुम्ही घरी आरामात बसला आहात आणि तुम्हांला कोणी खाऊन टाकील अशी भीती नाही. ऐकणाऱ्या मुलाला विचार करायला मिळालेली ती सवड असते. छापील पानावर नजर पुढच्या ओळीवर पडून उत्तर फुटण्याचा जो धोका असतो, तो येथे नाही. शेवटच्या खऱ्या कोड्याचे उत्तर 'काळ' असे आहे. बिल्बोला ते सुचत नाही. आणखी वेळ द्या, असे त्याला ओरडायचे असते, पण भीतीने त्याच्या तोंडून नुसते 'टाइम, टाइम' एवढेच किंचाळणे बाहेर पडते आणि नशिबाने तेच उत्तर ठरते. हा विनोद लेखणीतून उतरला असला तरी तो घडतो घशातच.

बीबीसी रेडिओने १९६८ मध्ये या कादंबरीची आठ भागांची श्रुतिका केली. श्रुतिकेत निवेदकाला सहसा थारा नसतो, पण रूपांतरकार मायकल किलगॅरिफ यांनी त्याला ठेवले, इतकेच नव्हे तर बिल्बो मध्ये मध्ये बोलून त्याला दुरुस्त करतो अशी योजना केली. गँडाल्फच्या नावावरचा आघात त्या श्रुतिकेत विचित्र ठिकाणी पडतो आणि तो कानाला टोचतो. पण निवेदकाला पात्राचा मान मिळाल्यामुळे पुस्तकाचा आत्मा वाचला, असे मी म्हणेन. याच्या उलट १९७४ मध्ये अभिनेते निकोल विल्यमसन यांनी चार ध्वनिमुद्रिकांसाठी केलेले संक्षिप्त वाचन पाहावे. विल्यमसन हे असामान्य ताकदीचे नट होते आणि प्रत्येक पात्राचा हेल त्यांनी निराळा काढला आहे. मात्र 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' असे निवेदनाचे दुवे नाट्याच्या आड येतात, या समजुतीने त्यांनी संहितेतून ते स्वतःच्या हाताने काढून टाकले. संवाद त्यामुळे चटपटीत झाले आहेत, पण गोष्ट सांगणारे आजोबा उठून गेले आणि खोलीत नुसती नाटकमंडळी उरली, असे ऐकताना वाटत राहते. पुरवणीतल्या लेखकाने ज्या प्रकाराला नावे ठेवली आहेत तो हाच असेल, तर मी त्यांच्या बाजूचा आहे.

संपूर्ण वाचनांपैकी दोन मला विशेष महत्त्वाची वाटतात. रॉब इंग्लिस यांचे वाचन १९९१ चे आहे आणि ते सुमारे अकरा तास चालते. टॉल्कीन यांच्या कथांचे एकपात्री प्रयोग ते रंगमंचावर आधीपासून करत होते, त्यामुळे दमसास आणि लय ही त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. या कादंबरीत गाणी पुष्कळ आहेत: बुटके बशा धुताना बिल्बोला चिडवण्यासाठी गातात, गॉब्लिन नावाचे दुष्ट जीव चाबकाच्या तालावर गातात, जाळी विणणाऱ्या अजस्र कोळ्यांना डिवचण्यासाठी बिल्बो स्वतः गातो. मुले वाचताना पद्याचा तुकडा दिसला की तो गाळतात, हा शिक्षकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. इंग्लिस ही गाणी वाद्यांच्या साथीवाचून, साध्या चालींत गातात, आणि बुटक्यांचे हरवलेल्या सोन्याविषयीचे ते गंभीर गाणे ऐकल्यावर घरबशा बिल्बोच्या मनात पहाड पाहण्याची ओढ का जागी झाली, हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे वाचन अँडी सर्किस यांचे. चित्रपटांतील गॉलम म्हणून ते जगाला परिचित आहेत. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, त्यांनी ही कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत थेट प्रक्षेपणात दिवसभर वाचली आणि ब्रिटनमधील आरोग्यसेवेशी व बालसंगोपनाशी संबंधित धर्मादाय संस्थांसाठी पावणेतीन लाख पौंडांहून अधिक निधी जमवला. त्याच वर्षी त्यांच्याच आवाजात हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेचे ऑडिओबुक निघाले. तेरा बुटक्यांना ब्रिटनच्या निरनिराळ्या भागांतले हेल देऊन त्यांनी जी ओळख दिली आहे, ती छापील पानावर मिळत नाही. माझी तक्रार एवढीच की त्यांचा गॉलम इतका जबर आहे की तो गेल्यावर पुढची प्रकरणे थोडा वेळ फिकी वाटतात. रोज रात्री एक प्रकरण ऐकायचे असेल तर मी इंग्लिस यांचेच वाचन सुचवीन. लांबच्या प्रवासात सर्किस यांना तोड नाही.

कागदाचा हक्क कोठे आहे, तेही सांगितले पाहिजे. पुस्तकात टॉल्कीन यांनी स्वतः काढलेले दोन नकाशे आहेत. त्यांपैकी थोरिनचे आजोबा थ्रॉर यांच्या नकाशावरची चंद्रलिपी, म्हणजे गोष्टीत चंद्रप्रकाशातच दिसणारी अक्षरे, पान उजेडासमोर धरले तरच दिसावीत, अशी टॉल्कीन यांची इच्छा होती; प्रकाशकाला ते परवडले नाही. रून या प्राचीन लिपीतली ती अक्षरे बोटाने गिरवत अर्थ लावण्याचा आनंद कोणतेही ऑडिओबुक देऊ शकत नाही. म्हणून ऐकणाऱ्या मुलाच्या मांडीवर छापील प्रत असावी, असे माझे मत आहे. परंतु ज्याला ती प्रत दिसतच नाही अशा मुलाला 'तू पुस्तक वाचले नाहीस' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, याचाही विचार पुरवणीतल्या लेखकाने करावा. ब्रिटनमध्ये बोलक्या पुस्तकांची सेवा १९३५ मध्ये, म्हणजे 'द हॉबिट' छापली जाण्याच्या दोन वर्षे आधी सुरू झाली, ती पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज ओळखूनच.

मराठी वाचकाला तर हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. श्रावणातल्या कहाण्या आपण ऐकतच आलो, आणि पु. ल. देशपांडे यांचे लेखन कॅसेटवर ऐकून मग पुस्तकाकडे वळलेल्यांची एक संपूर्ण पिढी महाराष्ट्रात आहे. त्यांना कोणी अवाचक म्हटल्याचे ऐकिवात नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. टॉल्कीन यांचे निधन १९७३ चे, म्हणजे २०३३ अखेरपर्यंत मराठी ऑडिओबुक काढणाऱ्याला रीतसर परवानगी घ्यावीच लागेल. ती घेऊन कोणी हे काम केलेच, तर गाणी गाऊ शकणारा एक अभिवाचक नेमावा आणि पार्श्वसंगीताच्या खर्चात बचत करावी.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. पुरवणीतील पुस्तक-परिचयाच्या सदरात छापील पुस्तकाची पृष्ठसंख्या आणि किंमत आपण नेहमी देता. ऑडिओबुकचा परिचय येतो तेव्हा वाचन संपूर्ण आहे की संक्षिप्त, ते कोणी केले आहे आणि ते किती तासांचे आहे, या तीन गोष्टीही त्याच चौकटीत छापाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली