गळती बंद, तक्रार बंद

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख (आणि त्यांच्यावर जे कोणी असतील ते)

विषय : २५ लिटर, २ किलोवॉट स्टोरेज गीझरच्या एमएफव्हीचं (जादा प्रेशर बाहेर सोडणाऱ्या मल्टी-फंक्शन व्हॉल्व्हचं) तोंड आपल्याच टेक्निशियनने एमसीलने बुजवल्याबाबत. पाचव्यांदा.

आज दुपारी आपल्या कस्टमर केअरने माझी तक्रार पुन्हा एकदा 'रिझॉल्व्ह्ड' करून टाकली. तसा एसेमेस आला, सोबत हसरा चेहरा.

मूळ तक्रार गळतीची नव्हतीच. ब्रॅकेट भिंतीपासून सुटतोय, अशी होती. बाथरूमची ती भिंत चार इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची आहे. हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तरी तुमच्या माणसाने साध्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकून स्क्रू पिळले. विटेत किंवा काँक्रीटमध्ये गिट्टी धरते, एएसीत आजूबाजूचा भुगा होतो आणि स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो. टाकीतलं पाणीच २५ किलो, वर गीझरचं स्वतःचं वजन, म्हणजे ३५ किलोच्या वर ओझं आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर. दहा दिवसांत ब्रॅकेट वरच्या बाजूने इतका सुटला की फटीत दोन रुपयांचं नाणं जातं.

त्यासाठी दुसऱ्यांदा माणूस आला. ब्रॅकेट त्याने हलवून पाहिला, "चालतंय" म्हणाला. मग त्याचं लक्ष एमएफव्हीखाली थेंब धरायला ठेवलेल्या मगाकडे गेलं. कुणी काही विचारायच्या आत त्याने एमसील मळून व्हॉल्व्हच्या निचऱ्याच्या तोंडावर दाबलं आणि दीडशे रुपये घेऊन गेला. अंगठ्याचा ठसा अजून त्यावर स्पष्ट आहे. फोटो जोडला आहे, पावतीही. पावतीवर तुमच्याच लोगोखाली लिहिलंय : 'लीकेज बंद केले.'

एमएफव्ही कशासाठी असतो हे मी तुम्हाला शिकवायला नको. तो खोक्यात तुम्हीच देता, आणि पाणी तापताना त्यातून थेंब पडणं स्वाभाविक आहे, ते तोंड बंद करू नये, हेही तुमच्याच माहितीपुस्तिकेत छापलेलं आहे. तरीही, फाइल ज्यांच्या टेबलावर जाईल त्यांच्यासाठी लिहिते. २५ अंशांचं २५ लिटर पाणी ७५ अंशांवर गेलं की साधारण अर्धा लिटर वाढतं. व्हॉल्व्हमधला नॉन-रिटर्न त्याला थंड लाइनीत मागे जाऊ देत नाही, पुढे शॉवरचा कॉक बंद. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे प्रेशर भराभर चढतं आणि त्याला बाहेर पडायला तेवढं एकच भोक असतं. ते तुमच्या माणसाने बुजवलं.

त्यात आमची इमारत २८ मजल्यांची आणि फ्लॅट नवव्या मजल्यावर. गच्चीवरच्या टाकीपासून खाली सुमारे ६० मीटर पाणी उभं, म्हणजे दहा मीटरला एक बार या हिशोबाने गीझर चालू व्हायच्या आधीच प्रेशर ६ बारच्या आसपास. रात्री नळाला गेज लावून पाहिलं, ५.८ आलं. शाफ्टमधला सोसायटीचा पीआरव्ही (लाइनचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) नावापुरता उरलाय. तो आमचा आणि कमिटीचा प्रश्न, तो तुमच्यावर ढकलत नाही. पण तुमच्या लेबलवर रेटेड प्रेशर ८ बार आहे आणि गीझर बसवताना लाइनचं प्रेशर मोजायचं असतं. तुमच्या माणसाच्या पिशवीत गेजच नव्हता. होतं ते एमसील.

थर्मोस्टॅट आहे, फार तापलं की वीज तोडणारा थर्मल कटआउट आहे, मग घाबरता कशाला, असं मला फोनवर दोनदा ऐकवण्यात आलं. थर्मोस्टॅट तापमान बघतो, प्रेशर बघत नाही. ७५ अंशांवर तो नीट बंद झाला तरी तिथवर पोचताना पाणी वाढलेलं असतंच. रोज दोनदा टाकी फुगली की आतल्या काचेच्या लेपाला तडे जातात, तिथून गंज धरतो आणि फ्लँजच्या गॅस्केटमधून पाणी नेमकं वायरींकडे येतं. हे थर्मोस्टॅट शाबूत असताना. तो चिकटला आणि कटआउटही गेला, तर काय होतं ते तुमच्या टेस्टिंगवाल्यांना विचारा.

आता आजचा फोन. मराठीसाठी तीन दाबलं, अकरा मिनिटं थांबले.

"मॅडम, आता गळतंय का?"
"नाही. तीच तक्रार आहे."
"म्हणजे गळत नाहीये ना?"
"गळायला पाहिजे."

मग शांतता. मग होल्डवर तुमची ती सनईची धून, चार मिनिटं. परत आल्यावर त्या मुलीने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, सिस्टीममध्ये 'गळायला पाहिजे' असा ऑप्शन नाहीये. 'लीकेज' आणि 'नो हीटिंग' एवढेच आहेत. काय टाकू?" तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो नंतर आलेल्या सुपरवायझर साहेबांवर. व्हॉल्व्ह किती बारला उघडतो, एवढंच मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "जरा टेक्निकल आहे मॅडम, घरात कुणी जेंट्स असतील तर त्यांना फोन द्या." मी म्हटलं, जेंट्स आहेत, त्यांना बार म्हणजे वेगळंच काहीतरी वाटतं, माझ्याशीच बोला. त्यावर उत्तर : "प्रेशरचं तुमच्या सोसायटीला विचारा. गीझर आहे तो, बॉम्ब नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

गुण इथेच देते. व्हॉल्व्ह बुजवला, शून्य.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. गीझरची वायर सॉकेटपर्यंत पोचत नव्हती, म्हणून ती कापून मध्ये तुकडा जोडला आहे आणि सांध्याला काळी टेप गुंडाळली आहे. प्लग काढून मल्टिमीटर लावला : प्लगची जाडी, अर्थिंगची पिन आणि एमएफव्हीचं पितळ यांच्यात १ ओहमच्या आत यायला हवं, तिथे सर्किट उघडं. टेप सोडून पाहिली तर अर्थिंगची हिरवी वायर जोडलेलीच नाही, दोन्ही टोकं कापून मागे वळवलेली. "तुमचा आरसीसीबी ट्रिप होत नाही, म्हणजे सगळं ओके," असं तुमच्या इंजिनीअरचं म्हणणं. आरसीसीबी म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. अर्थिंग तुटलेलं असेल तर बॉडीवर आलेल्या करंटला जायला वाट नसते, म्हणून ३० मिलिअँपचाही आरसीसीबी गप्प बसतो. तो पडतो माणसाचा हात लागल्यावर, म्हणजे माणसातून करंट गेल्यावर. पूर्वी करंट वाहून नेणारे जीआयचे लोखंडी पाइप तरी असायचे, आता सगळं प्लॅस्टिकचं, सीपीव्हीसी. त्याचाही आधार नाही.

आणखी एक. टाकी भरायच्या आधीच 'लाइट लागतो का' बघायला स्विच टाकला होता. कोरडं एलिमेंट किती सेकंद तापलं आणि त्याच्या वॉरंटीचं काय, हे लेखी कळवा.

मला हवंय ते असं. नवा एमएफव्ही, आणि त्याच्या निचऱ्याला अर्धा इंची पाइप जोडून उताराने नहाणी ट्रॅपपर्यंत आणलेला, शेवट उघडा, मध्ये कुठेही कॉक नाही. पीआरव्ही माझ्या खर्चाने बसवते, ३ बारवर. पण तो बाथरूमच्या थंड लाइनीवर, शॉवरकडे फाटा फुटतो त्याच्या आधी बसेल. नुसता गीझरच्या तोंडाशी लावला, तर मिक्सरला थंड ५.८ आणि गरम ३ येईल आणि थंड पाणी गरम लाइनीत घुसेल. ब्रॅकेटला भिंतीतून आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी, किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट). गिट्ट्या नकोत. वायर अखंड, तीन कोअरची, १६ अँपच्या प्लगसकट, एकही सांधा नको. सगळं झाल्यावर गरम नळ सोडून हवा जाऊन सलग धार येईपर्यंत टाकी भरायची आणि मगच स्विच. आणि दीडशे रुपये परत. रक्कम महत्त्वाची नाही, पण बुजवण्याचे पैसे मी देणार नाही.

सात दिवसांत हे झालं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, हे तुमच्या लीगलवाल्यांना ठाऊक असेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आजच नोंदवते आहे. तुमच्या गीझरवर आयएसआयची खूण आहे, ती गीझर घेतानाच पाहिली होती. व्हॉल्व्ह बुजवणाऱ्या हातावर कुठली खूण शोधायची, ते मात्र कळवा.

तोवर गीझर बंद आहे, डीपी स्विच खाली पाडून त्यावर पट्टी चिकटवली आहे. एमसील मी काढणार नाही, तुमच्याच माणसाने माझ्यासमोर काढायचं. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत या. शनिवारी येऊ नका. शनिवारी गच्चीवरची टाकी धुतात, लाइनीत प्रेशर नसतं, आणि मग "बघा मॅडम, कुठे आहे प्रेशर" हेही ऐकावं लागेल.

आपली ग्राहक,
नववा मजला, घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

सोबत : पावती, एमसीलचा फोटो, कापलेल्या हिरव्या वायरचा फोटो, गेजचा फोटो