जुन्या ग्रंथांतली चित्रं स्टिकरवर आणायची आहेत, मदत हवी

सप्रेम नमस्कार,

आमच्या ग्रंथालयाच्या दुर्मीळ विभागातली सचित्र पुस्तकं सहसा कुणाच्या हाती देता येत नाहीत. शिवण सुटलेली, कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कोपरा हातात येतो. त्यातली चित्रं तरी लोकांपर्यंत जावीत म्हणून त्यांचे स्टिकर करायचं मंडळाने ठरवलं आहे. काही मोबाइलवर पाठवायचे, काही वहीवर चिकटवायचे. पक्षी, किडे, वनस्पती, यंत्रं, नकाशांच्या कडेला पोहणारे समुद्रराक्षस, शिवाय प्रकरण संपल्यावर उरलेली जागा भरायला छापलेली इवलीशी चित्रं. या शेवटच्या चित्रांकडे आजवर कुणी फारसं लक्ष दिलेलं नाही, आणि स्टिकरला तीच सगळ्यात जास्त शोभतात.

दुर्मीळ ग्रंथांचा असा पोरखेळ कशाला, असं मंडळातल्याच काहींनी विचारलं. शंका रास्त आहे. चित्र पुस्तकातून सुटलं की त्याचा ठावठिकाणा हरवतो. जर्मन चित्रकार ड्यूररचा १५१५ सालचा गेंडा घ्या. त्याने तो प्राणी कधी पाहिलाच नव्हता. लिस्बनला पोहोचलेल्या एका भारतीय गेंड्याचं वर्णन आणि कच्चं रेखाटन एवढ्यावर त्याने लाकडी ठसा केला आणि गेंड्याच्या खांद्यावर एक जादा शिंग बसवलं. हे माहीत असेल तर स्टिकर पाहताना मजा येते. नसेल तर मुलं तेच शिंग खरं समजतील. म्हणून आमचा नियम असा की प्रत्येक स्टिकरबरोबर ग्रंथाचं नाव, साल, चित्रकार किंवा ठसे कोरणारा, पान आणि आमचा दाखल क्रमांक जाईल. छापील स्टिकरच्या कागदावर ही माहिती मागच्या बाजूला असेल, मोबाइलच्या संचासोबत वेगळी यादी असेल. ही माहिती पूर्ण होईपर्यंत चित्र बाहेर पडणार नाही.

आता काम काय आहे ते सांगतो. स्कॅनिंग आम्ही स्वतः करू, कारण जुनं पुस्तक सपाट उघडून काचेवर दाबलं तर बांधणी मोडते. त्याला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा आधार लागतो आणि वरून फोटो काढावा लागतो. तसा आधार आणि बऱ्यापैकी कॅमेरा आमच्याकडे नाही. देणगी प्रामुख्याने त्यासाठीच हवी आहे. वापरात नसलेला कॅमेरा, ट्रायपॉड किंवा हार्ड डिस्क दिलीत तरी चालेल.

खरी माणसं लागतील ती पुढच्या कामाला. व्हॉट्सअॅपचा स्टिकर ५१२ × ५१२ पिक्सेलचा, पारदर्शक पार्श्वभूमीचा आणि स्थिर असेल तर १०० केबीच्या आत असावा लागतो. फुलपाखराच्या मिशा आणि गवताची पाती कागदापासून सोडवताना ज्याची चिकाटी टिकेल, असा माणूस हवा. आपोआप पार्श्वभूमी काढणारी साधनं मिशा हमखास खातात. शिवाय कोरीव ठशांमधल्या दाट रेघा चित्र लहान केलं की एकमेकींत मिसळतात आणि छायेच्या जागी राखाडी चिखल उरतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली पिसू १६६५ साली इतकी मोठी छापली की ते चित्र घडी घालूनच पुस्तकात बसवावं लागलं. तिला पुन्हा अंगठ्याएवढी करायची तर कुठल्या रेघा ठेवायच्या हे डोळ्यांनीच ठरवावं लागेल. कागदावरचे तपकिरी डाग काढा, पण रंग ‘सुधारू’ नका. हाताने भरलेला रंग रेघेबाहेर गेला असेल तर तो तसाच राहू द्या.

चित्र ओळखणारेही हवेत. ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांहून अधिक चित्रं फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर खुली केली. ती पानांतून वेगळी करायला संगणक पुरला, पण चित्रात काय आहे हे सांगायला माणसांनाच साद घालावी लागली. आमचा संग्रह त्या मानाने चिमूटभर, अडचण मात्र तीच. जुनी शास्त्रीय नावं आज बदललेली असतात.

हक्कांची (कॉपीराइटची) तपासणी दोघंतिघं मिळून करू. पुस्तक जुनं म्हणजे चित्र मोकळं, असं नसतं. लेखक कधीच वारलेला आणि चित्रकार त्यानंतर कितीतरी वर्षं जगलेला, असं पुष्कळदा होतं, आणि मुदत मोजायची ती चित्रकाराच्या मृत्यूपासून. ती भारतात ६० वर्षं, अनेक देशांत ७०. शंका आली तर ते चित्र बाजूला ठेवू.

एक कळकळीची विनंती. घरात जुनं सचित्र पुस्तक असेल तर त्यातलं पान कापून आणू नका. चित्रं सुटी करून विकण्यासाठी असंख्य जुने ग्रंथ फाडले गेले आहेत. पुस्तक आहे तसं घेऊन या. तुमच्यासमोर फोटो काढून लगेच परत देऊ.

हे स्टिकर विकायचे नाहीत. मोबाइलचे संच सर्वांना मोफत असतील, छापील कागद आधी मुलांच्या विभागात जातील. देणगीची पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब सूचनाफलकावर लागेल.

नावनोंदणीचे फॉर्म देवघेव विभागात ठेवले आहेत. आठवड्यातून दोन तास देता आले तरी पुरे. चित्रं सोडवायचं काम घरी बसूनही होईल. पहिला संच कीटकांचा करायचा आहे आणि कीटक ओळखणारं कुणी अजून मिळालेलं नाही, तेव्हा ओळखीत कुणी असेल तर त्यांना आधी सांगा.

आपले,
ग्रंथालय मित्रमंडळ, दुर्मीळ ग्रंथ विभाग